घरगुती लेन्स अडॅप्टर: थ्रीडी प्रिंट की लेथ?

बंद पडलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर चढवायची असे एकदा मनात आले, की पहिले चार दिवस शोधाशोधीत जातात आणि पाचव्या दिवशी उमगते की या दोघांना जोडणारा अडॅप्टर (मधले कडे) तयार मिळत नाही, तो करूनच घ्यावा लागतो. एम-४२, निकॉन एफ, कॅनन एफडी, पेंटॅक्स के यांपैकी एखाद्या माउंटची, म्हणजे जोडणीच्या तोंडाची, लेन्स तुमच्याकडे असेल, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. त्यांचे अडॅप्टर बाजारात स्वस्तात मिळतात आणि घरी केलेल्यापेक्षा बहुधा चांगलेच असतात. घरगुती अडॅप्टरचा खटाटोप करायचा तो ज्यांना माउंटच नाही अशा लेन्ससाठी: न निघणाऱ्या लेन्सचे जुने कॅमेरे, स्लाइड प्रोजेक्टर, एखादे विचित्र आट्यांचे एनलार्जर.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो काकांच्या कॅमेऱ्यामुळे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर तो कातडी पिशवीत पडून होता. मीटरपासून फिल्म पुढे सरकवण्याच्या दांडीपर्यंत सगळे निकामी झाले होते, पण ४५ मिमी फोकल लांबीची, एफ/१.७ची लेन्स मात्र निर्मळ होती. तिच्यावर ना बुरशी होती ना ओरखडा. शटरची पाने काढून टाकली, डायफ्रॅमची (छिद्र लहानमोठे करणारी) ठेवली आणि फोकसची मूळ रिंग लेन्सबरोबरच खोलून घेतली. आता तिच्या पाठीमागची सपाट चकती आणि माझ्या सोनी ई-माउंट कॅमेऱ्याचे तोंड यांच्यामध्ये नेमक्या लांबीचे, दोन्ही बाजूंनी समांतर, आतून काळे असे एक कडे हवे होते. हे कडे थ्रीडी प्रिंटरवर काढावे की लेथवर अ‍ॅल्युमिनियमचे कातून घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. बॉडी कॅपला (कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या झाकणाला) भोक पाडून त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा अ‍ॅरल्डाइटने चिकटवण्याचा तिसरा मार्गही आहे आणि माझी सुरुवात तिथूनच झाली. पण लेन्समधून चित्र उमटते की नाही एवढे पाहण्यापुरताच त्याचा उपयोग आहे, असे माझे मत झाले.

मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. प्रिंट केलेला सुमारे आठ महिने वापरला, लेथवरचा त्यानंतर आजतागायत वापरतो आहे. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे लपवण्यात अर्थ नाही, पण प्रिंटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी सांगणे न्यायाचे होईल.

सगळा खेळ लांबीचा आहे. ई-माउंटच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचे अंतर १८ मिमी असते, हे ठरलेले. लेन्सच्या पाठीपासून फिल्मपर्यंतचे मूळ अंतर मात्र अशा कॅमेऱ्यांबाबत कुठे छापलेले सापडत नाही. ते आपणच शोधून काढावे लागते. त्यातली चूक किती महाग पडते याचा एक सोपा हिशेब आहे. अडॅप्टर जितका जास्त लांब झाला असेल, त्या आकड्याने फोकल लांबीच्या वर्गाला भागले, की ही लेन्स जास्तीत जास्त किती दूरवर स्पष्ट पाहू शकेल ते ढोबळमानाने कळते. ४५ मिमीच्या लेन्सचा अडॅप्टर अवघा ०.१ मिमी लांब झाला, तर तिची दृष्टी साधारण २० मीटरवर संपते. त्यापलीकडची इमारत, डोंगर, चंद्र सगळेच थोडे थोडे पुसट. ०.१ मिमी म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. उलट अडॅप्टर तेवढाच आखूड झाला तर फारसे बिघडत नाही. लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे जाते आणि रिंगवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात, इतकेच. तयार मिळणारे अनेक स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड ठेवलेले असतात ते याचसाठी.

अशा कामात प्रिंटरसारखा सोबती नाही. माझ्या भाच्याकडे प्रिंटर आहे. त्याने एका संध्याकाळी १३.०, १३.२, १३.४ आणि १३.६ मिमी अशा चार लांबीची कडी एकदम काढून दिली, प्रत्येकावर सुईने आकडा कोरला आणि रात्री गच्चीवर जाऊन आम्ही एकेक कडे लावून चंद्रावर रोखून पाहिले. १३.६च्या कड्याने चंद्र कापसाच्या बोळ्यासारखा दिसला, १३.४च्या कड्याने, फोकसची रिंग टोकापर्यंत नेली तेव्हा, खड्डे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी व्हर्निअरने मोजले तर ते कडे प्रत्यक्षात १३.३च्या जवळ भरले, कारण प्रिंटरचा पहिला थर काचेवर दाबला जातो आणि थोडी उंची खातो. म्हणून संगणकावरच्या आकड्यावर विसंबू नये, छापून आलेली वस्तू मोजावी. पण चार प्रयोग एका रात्रीत, आणि तेही घरातल्या घरात, ही सोय लेथवर स्वप्नातही मिळणार नाही.

लेथकडे जाण्यातली पहिली अडचण लेथ ही नाहीच, माणूस शोधणे ही आहे. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथची दुकाने गल्लोगल्ली आहेत, पण तिथे रोज शेकड्यांनी एकसारखे नग निघतात आणि एका नगासाठी चकमधला (लेथच्या पकडीतला) जॉब कुणी उतरवत नाही. तीन ठिकाणी मला, माझा कागद पाहून, अगदी नम्रपणे "एक ज नंग?" (एकच नग?) असे विचारण्यात आले आणि त्या प्रश्नातच उत्तर होते. चौथ्या ठिकाणच्या वयस्कर मिस्त्रींनी कागद बाजूला ठेवला, लेन्स हातात घेतली, खिडकीकडे धरून आरपार पाहिले आणि विचारले की हे जोडल्यावर नक्की दिसते काय. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर भाच्याच्या कड्याने काढलेला चंद्र दाखवला. "थई जशे" (होऊन जाईल), एवढेच म्हणून त्यांनी शनिवारी दुपारी यायला सांगितले, आणि शनिवारी गेलो तेव्हा काम सुरूही झालेले नव्हते. एकूण तीन खेपा झाल्या. ज्यांना ही धावपळ नको असेल त्यांनी प्रिंट निवडला, तर मी त्यांना दोष देणार नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र जे पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या बारचा तुकडा चकमध्ये धरला आणि बाहेरचा व्यास, आतले बोअर (पोकळी) व तोंडाचे फेसिंग (सपाटीकरण) असे तिन्ही कट जॉब न सोडता एकाच बसवणीत घेतले, म्हणजे दोन्ही व्यास एकाच केंद्राचे आणि तोंड त्यांच्या अक्षाशी काटकोनात आपोआप येते. मग कडे कापून उलटे धरले आणि दुसरे तोंड साफ केले. शेवटी कडे शर्टाच्या बाहीला पुसून त्यांनी त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली, डोळ्यासमोर नेली आणि पट्टीखालून उजेडाची रेघ येते का ते तीन वेगवेगळ्या दिशांनी पाहिले. रेघ आली नाही. ही दहा सेकंदांची तपासणी मी घरी प्रिंट केलेल्या कड्यावर करून पाहिली तेव्हा एका बाजूला स्पष्ट फट दिसली. काचेवर पॉलिश पेपर पसरून, कडे त्यावर आठाच्या आकारात घासून ती घालवावी लागली.

समांतरपणाचा हा मुद्दा कागदावर फार मोठा वाटतो. एफ/१.७ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे असताना, फिल्मच्या काळातल्या नेहमीच्या निकषाने पाहिले, तर फोकसला माफी मिळते ती जेमतेम ०.०५ मिमी इकडे किंवा तिकडे. पण प्रत्यक्षात, निदान माझ्या डोळ्यांना, घासून सपाट केलेले प्रिंटचे कडे आणि लेथचे कडे यांत फरक करता आला नाही. रात्री सूरसागराच्या काठावर उभे राहून, छिद्र पूर्ण उघडे ठेवून, पलीकडच्या काठावरच्या दिव्यांची ओळ दोन्ही कड्यांनी टिपली. डाव्या कोपऱ्यातला दिवा आणि उजव्या कोपऱ्यातला दिवा दोन्हींत सारखेच टोकदार, किंवा सारखेच बोथट म्हणा, कारण लेन्स शेवटी जुनी आहे. तेव्हा अचूकतेच्या मुद्द्यावर प्रिंट हरतो असे मी म्हणणार नाही. मेहनत घेतली तर तो बरोबरी करतो.

मग माझा निर्णय झाला कशावर? तो झाला कचऱ्यावर.

पहिल्या प्रिंटमध्ये कॅमेऱ्याच्या बाजूचे बायोनेटही छापलेलेच होते. तीन पाकळ्या, वळवले की अडकणाऱ्या. सुरुवातीला ते घट्ट बसायचे, महिन्याभरात छान सुळसुळीत झाले आणि मी त्यावर खूश होतो. सुळसुळीत होणे म्हणजे झिजणे आणि जे झिजले ते कुठेतरी गेले असणार, हे तेव्हा लक्षात आले नाही. ते लक्षात आले उत्तरायणाच्या दिवशी. चौदा जानेवारीला बडोद्याचे आकाश पाहण्यासारखे असते. सकाळपासून गच्च्यांवर माणसे, थाळ्यांत उंधियू आणि जिलेबी, कानांत "काप्यो छे"चा गजर, आणि वर निळ्यावर शेकडो पतंग. मी एफ/११ वर छिद्र लहान करून दुपारभर फोटो काढले. संध्याकाळी संगणकावर उघडले तेव्हा प्रत्येक चित्रात आकाशभर बारीक काळसर ठिपके होते, आणि खरी पंचाईत ही होती की त्यांतला दूरचा पतंग कोणता आणि सेन्सरवरचा कण कोणता हे ओळखू येत नव्हते. दोन चित्रे शेजारी ठेवून, जो ठिपका दोन्हींत एकाच जागी आहे तो कण आणि जो हलला तो पतंग, अशा रीतीने मी रात्री अकरापर्यंत आकाश निवडत बसलो होतो. घरच्यांनी तांदूळ निवडण्याशी केलेली तुलना मी निमूटपणे ऐकून घेतली.

छिद्र उघडे असते तेव्हा हे कण दिसत नाहीत, त्यांची सावली पसरून विरून जाते. छिद्र जसजसे लहान करावे तसतशी ती टोकदार होते. म्हणून आठ महिने मी बेसावध राहिलो. त्या रात्री अडॅप्टर काढून बायोनेटच्या पाकळीवरून बोट फिरवले तर बोटाच्या टोकावर काजळासारखी बारीक काळी पूड आली. आरशाच्या कॅमेऱ्यात ही पूड निदान आधी आरशावर आणि बंद शटरवर पडली असती. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर असतो, आणि अडॅप्टर वळवण्याची क्रिया नेमकी त्याच्याच तोंडाशी घडते.

यावर उपाय नाही असे नाही आणि मी ते एकेक करून पाहिले. ब्लोअरने कण उडतात, पण पुढच्या वेळी लेन्स चढवताना नवे तयार होतात. लेन्स कायमची चढवून ठेवावी, तर मग बाकीच्या लेन्सनी काय करायचे? सर्वांत शहाणपणाचा उपाय म्हणजे बायोनेट धातूचे घ्यायचे. ई-माउंटसाठी १० आणि १६ मिमीच्या स्वस्त मॅक्रो एक्स्टेन्शन ट्यूबचा (लेन्स पुढे सरकवणाऱ्या पोकळ रिंगांचा) संच मिळतो. त्यातल्या एका रिंगचे कॅमेऱ्याकडचे बायोनेट चार बारीक स्क्रू काढले की मोकळे होते आणि ते प्रिंट केलेल्या कड्यावर बसवता येते. मी तसे केले. पूड निम्म्याहून अधिक कमी झाली असावी. मोजली अर्थातच नाही, पण पुढच्या महिन्यात ब्लोअर हातात घेण्याचे प्रसंग कमी आले.

पण पूर्ण थांबली नाही, आणि माझ्या मते इथेच प्रिंटचा मूळ दोष आहे. थरावर थर रचून केलेल्या भिंतीच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक तंतू लोंबत राहतात. ते घासून काढावेत तर घासण्याचीच पूड थरांच्या खाचांत जाऊन बसते आणि कॅमेरा पिशवीत हलला की थोडी थोडी सुटत राहते. वरून मॅट काळा रंग मारला तर माझ्या हातून तरी तो पीएलएवर (प्रिंटच्या नेहमीच्या प्लास्टिकवर) नीट धरला नाही. दोन आठवड्यांत त्याचे पापुद्रे निघाले, म्हणजे एका कचऱ्याचे दोन झाले. दोष प्लास्टिकचा आहे असे मी म्हणत नाही. साच्यात ओतलेल्या गुळगुळीत बॉडी कॅप आपण सगळेच वर्षानुवर्षे वापरतो आणि त्यांतून असे काही सांडत नाही. दोष त्या खडबडीत, थराथराच्या पृष्ठभागाचा आहे, आणि चांगल्या प्रिंटरवर, बारीक थरांनी, कदाचित तो बराच कमी होत असेल.

अ‍ॅल्युमिनियमही स्वच्छ असते असा कुणाचा समज असेल तर तोही खरा नाही. लेथवरून आलेल्या कड्याच्या खाचांतून चमकदार बर (धातूची बारीक कच) निघते आणि ती सेन्सरवर गेली तर प्लास्टिकपेक्षा जास्त घातक, कारण पुसताना ती ओरखडा पाडू शकते. पण ती एकदाच निघते. मी कडे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने तीन वेळा धुतले, कडांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुन्हा धुतले, रात्रभर वाळवले आणि मगच कॅमेऱ्याजवळ आणले. त्यानंतर येणाऱ्या उत्तरायणाला एफ/११ वर काढलेल्या आकाशात मला दोन ठिपके सापडले, आणि ते दोन्ही बहुधा जुन्या दिवसांचे अवशेष असावेत. धातूचे बायोनेटही झिजते, हे मान्य. कॅमेऱ्याच्या कठीण तोंडावर मऊ अ‍ॅल्युमिनियम घासले की करडी पूड येते. म्हणून एक्स्टेन्शन ट्यूब घेताना मी पितळेवर मुलामा असलेली, हाताला जड लागणारी रिंग शोधली आणि ती शोधायला थोडे पैसे जास्त मोजले.

लेथच्या कड्याला स्वतःच्या दोन खोडी आहेत आणि त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या. पहिली विजेची. ई-माउंटच्या तोंडात आत दहा संपर्कबिंदू असतात. प्लास्टिकच्या कड्याला त्यांच्याशी देणेघेणे नाही, धातूचे कडे मात्र त्यांना टेकता कामा नये. मी आतल्या बाजूला दीड मिमीची खाच मारून घेतली, आणि ही खाच कागदावर लाल पेनाने दाखवली नसती तर मिस्त्रींनी ती नक्कीच विसरली असती, कारण त्यांच्या दृष्टीने तिचे काहीच कारण नव्हते. दुसरी खोड चकाकीची. ताजे कातलेले बोअर आतून आरशासारखे चमकते, आणि उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की चित्राच्या मध्यभागी एक पांढुरका वर्तुळाकार डाग बसतो. काळे अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमला टिकाऊ काळा थर देणे) एका नगासाठी कुणी करून देईना. आत काळी मखमल चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मखमलीतून सुटणाऱ्या तंतूंचा विचार मनात येताच मी तो नाद सोडला. एकदा कचऱ्याने पोळलेला माणूस मखमलही फुंकून बघतो. शेवटी बोअरच्या आत मुद्दाम खरखरीत आटे पाडून घेतले, म्हणजे आडवा येणारा प्रकाश खाचांत अडकतो, आणि वर प्रायमर देऊन फळ्याचा काळा रंग मारला. पहिला हात प्रायमरशिवाय मारला होता, तो निघून आला. दुसरा टिकला आहे. प्रिंटच्या भिंतीवरचे थर हेच काम फुकटात करतात, हे इथे नमूद केले पाहिजे.

उलट प्रिंटच्या भिंतीतून प्रकाश झिरपतो हे अनेकांना ठाऊक नसते. काळे दिसणारे प्लास्टिक पातळ असेल तर उन्हात पूर्ण अपारदर्शक राहत नाही. लेन्सच्या तोंडावर झाकण लावा, कॅमेरा उन्हात ठेवा आणि तीस सेकंदांचे एक्स्पोजर घ्या. चित्र काळेकुट्ट आले तर ठीक, जांभळट धुके आले तर भिंत जाड करा. माझी भिंत १.२ मिमीची होती आणि धुके आले होते. दुप्पट केल्यावर गेले.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात बडोद्यात उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा बंद मोटारीत त्याच्या जवळपास जायला वेळ लागत नाही. पीईटीजीला सुमारे ८० अंशांपर्यंत आणि एएसएला १०० अंशांपर्यंत धीर असतो, त्यामुळे प्रिंटच घ्यायचा असेल तर भाच्याला किंवा दुकानदाराला त्यांपैकी एक वापरायला सांगावे. माझे कडे वितळले वगैरे नाही; उन्हाळ्यानंतर त्यातले स्क्रू थोडे ढिले लागले, पण ते उन्हामुळे की माझ्या सततच्या उघडझाकीमुळे हे मी सांगू शकत नाही.

खर्चाचा फरक निर्णय व्हावा इतका नाही. भाच्याने पैसे घेतले नाहीत. बाहेर करून घेतले असते तर प्रत्येक कड्याला दोनअडीचशे रुपये पडले असते असे तो म्हणतो. मिस्त्रींनी मटेरियलसकट सातशे घेतले. एक्स्टेन्शन ट्यूब दोन्हीकडे लागतेच.

काही लेन्ससाठी मी आजही प्रिंटच निवडीन. याच शहरात एके काळी न्यू इंडिया इंडस्ट्रीज ही कंपनी अग्फाचे क्लिक-थ्री कॅमेरे बनवत असे, आणि बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत शोधले तर कपाटाच्या तळाशी एखादा अजून सापडतो. आमच्याकडेही एक आहे. त्याच्या पुढच्या साध्या काचेला ना वजन, ना फोकसची रिंग, ना अचूकतेचा आग्रह. तिची गंमतच मुळी कडांना विरघळत जाणाऱ्या चित्रात आहे. अशा काचेसाठी मकरपुऱ्याच्या तीन खेपा घालणे म्हणजे मुंगीसाठी अंबारी. धातूचे बायोनेट, त्यावर प्रिंटचे कडे, काम संपले. स्लाइड प्रोजेक्टरच्या लांब, जड लेन्सचे मात्र उलट. तिचा सगळा भार कड्याच्या पुढच्या ओठावर येतो आणि तिथे मला धातूशिवाय भरवसा वाटत नाही. आटे हवे असतील, उदाहरणार्थ एम-४२चे एक मिमी पिचचे, तर तेही लेथवरच स्वच्छ निघतात. घरगुती प्रिंटरचे ०.२ मिमीचे थर अशा बारीक आट्यांना पुरे पडत नाहीत.

तेव्हा जी लेन्स तुम्ही महिन्यातून एकदा हौस म्हणून लावणार, तिच्यासाठी प्रिंट. आणि जी दर रविवारी चढवणार-उतरवणार, जिने आकाश, पाणी, पांढऱ्या भिंती टिपणार, तिच्यासाठी लेथ, असे माझे मत आहे. तुमचा सेन्सर माझ्यापेक्षा सोशिक असेल किंवा तुम्ही आकाशाचे फोटोच काढत नसाल, तर तुमचा कौल वेगळा पडू शकेल.

लेथ ठरवली तरी प्रिंटर टाकून देऊ नये. माझी जी चूक झाली ती अशी की मी आधी अंदाजाने एक लांबी लिहून मिस्त्रींकडे नेली होती आणि नंतर आणखी प्रिंट काढून ती बदलली. क्रम असा असावा: आधी प्रिंटची तीन-चार कडी काढून चंद्रावर लांबी नक्की करावी, जे कडे जुळले ते व्हर्निअरने मोजावे आणि तेच नमुना म्हणून लेथवाल्याच्या हातात द्यावे. कागदावरच्या चित्रापेक्षा हातातली वस्तू त्याला लवकर कळते. लांबी मात्र जुळलेल्या कड्यापेक्षा ०.१ मिमी कमी सांगावी, कारण कमी पडलेले भरून काढता येते. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, कात्रीने कापला जातो आणि बायोनेटखाली शिम (उंची भरून काढणारी पातळ चकती) म्हणून उत्तम बसतो. जास्त झालेले घालवायला पुन्हा मकरपुऱ्याला जावे लागते. मी आता नव्या कागदावर लांबीच्या आकड्याशेजारी मिस्त्रींच्याच भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून नेतो: "ओछुं चालशे, वधारे नहीं." म्हणजे कमी चालेल, जास्त नाही.